तुरटीवरचा राग

आमचा दादा न्हावी आहे आणि हट्टी आहे. यातलं आधी काय झाला म्हणाल तर हट्टी. रस्त्यावरच्या सगळ्या सलूनमध्ये विजेची मशीनं घरघरायला लागली, तरी याच्या दुकानात वस्तराच. "मशीन गवतावर फिरवतात, माणसावर नाही," असं तो फेस लावता लावता ऐकवायचा. गिऱ्हाइकाचं तोंड फेसाने भरलेलं, त्यामुळे वाद घालायला कुणी नसायचं.

स्वतःची दाढीही तो सकाळी दुकान उघडलं की वस्तऱ्यानेच करायचा. मागच्या थंडीत हनुवटीवर जरासं कापलं, ते दुपारपर्यंत पाझरत राहिलं. तुरटी फिरवली तरी थांबेना. दादाने ठरवून टाकलं, तुरटीच भेसळीची. वाण्याशी भांडून दुसरी आणली, मग तिसरी. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, दंडावर निळे डाग उठायचे, त्याकडे काणाडोळा. सगळा राग तुरटीवर.

एकदा मी सहज दुकानात डोकावले. एका गिऱ्हाइकाला कानामागे लागलं होतं. दादाने तुरटी फिरवली आणि रक्त लगेच थांबलं. दादाच्या स्वतःच्या हनुवटीवरचा कापूस मात्र लालच होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्यांना चालते ती तुरटी आणि तुला चालत नाही होय? ऊठ, दवाखान्यात चल."

"अगं, गिऱ्हाईक बसलंय."

"बसू दे. आणि वहिनीला फोन मी करते. तू केलास तर म्हणशील, जरा फिरून येतो."

तपासण्या झाल्या. मानेवरच्या गाठी त्याने मफलरखाली लपवल्या होत्या, त्याही सापडल्या. रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं.

"काका, लहानपणापासून असं रक्त वाहतं का?"

"आठवत नाही बुवा."

"मला आठवतंय ना!" मी म्हटलं. "भिंतीवरून पडला, पुढचे दात पाडून घेतले आणि संध्याकाळी परत त्याच भिंतीवर! रक्त केव्हाच थांबलं होतं."

बाई पहिल्यांदाच हसल्या. "म्हणजे हे जन्मजात नाही. गाठींमध्ये कॅन्सर असावा. त्याच्यामुळे रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन शरीरात टिकत नाहीये. मूळ आजार आवरला, की हे रक्त वाहणंही जाऊ शकतं."

वहिनी रडायला लागली. मीही रडले, पण 'जाऊ शकतं' हे दोन शब्द घट्ट धरून ठेवले.

गाठीचा तुकडा काढायच्या आधी रक्त गोठावं म्हणून औषध चढवलं. ते पार पडलं. कॅन्सरच निघाला, पण औषधांना दाद देणारा. वस्तरा मात्र बाईंनी बंद केला, दाढी फक्त मशीनने. दादाने मशीनला हात लावला नाही. दुकान बंद ठेवून दाढी वाढवत बसला. वहिनी म्हणाली, "ओळख पटेना झालीय. मला आधी माझा न्हावी दाखवा." मग औषधांनी केस गेले, पाठोपाठ दाढीही.

"घे, बाईंनी तुझी दाढी वस्तऱ्याशिवाय केली," मी म्हटलं.

तो हसला. मग गुळगुळीत गालावरून हात फिरवत हळूच म्हणाला, "परत वस्तरा धरेन ना गं मी?"

"धरशील," मी त्याच्यावर खेकसले. काय करणार, रडू आलं की मला खेकसताच येतं.

उपचार संपले. दाढी परत आली, पहिल्यापेक्षा मऊ. रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या, "वस्तऱ्याला हरकत नाही, पण जपून."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघांनी मिळून दुकान झाडलं. दादाने नवं ब्लेड लावलं, फेस केला. गाल नीट झाले. हनुवटीपाशी मात्र एक लाल ठिपका उमटला.

वहिनी बाकावरून उठली.

"तुरटी दे गं," दादा आरशावरची नजर न काढता म्हणाला.

मला ती शोधायलाच वेळ लागला, कंगव्यांच्या डब्यामागे गेली होती. पाण्यात बुडवून त्याच्यासमोर धरली, तर तो हनुवटीवर बोट टेकवून ते बोट बघत होता. कोरडं होतं.

"राहू दे," तो म्हणाला. "थांबलंय."