तिकडच्या आजीचा धोपा

तुमच्या तिकडच्या आजीचा मला हेवा वाटतो, हे आधीच लिहून टाकते. मोठेपणी दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तुमच्या आईची आई तिकडे परदेशात तुमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि मी नागपुरात. यात कोणाचा दोष नाही. पण गेल्या उन्हाळ्यात तुम्ही फोनवर तिची बाग दाखवलीत, तेव्हा माझ्या पोटात दुखलं. त्या थंड गावात लाल कर्दळी तुमच्या डोक्यावर गेल्या होत्या, ताटलीएवढे डेलिया फुलले होते, आणि मधोमध मोठ्या कुंडीत ऐटीत उभा होता धोपा. पुण्याकडचे ज्याला अळू म्हणतात, तोच. आपल्या मोरीच्या पाण्यावर तो न लावता माजतो. तिकडे मात्र शेजारीपाजारी 'ग्रॅनीचं जंगल' बघायला येतात.

त्याचे कंद तुम्हीच तिच्याबरोबर जाऊन भारतीय दुकानातून आणले होते. भाजीची अरवी! तिने ती घरात खिडकीपाशी उबेला ठेवून कोंब फुटू दिले आणि थंडी सरल्यावर बाहेर लावली. बर्फाच्या आधी सगळे कंद खणायचे, वाळवायचे, कागदात गुंडाळून गॅरेजमध्ये खोक्यांत ठेवायचे. खोक्यांवर नावं लिहायचं काम तुमचं. हे सगळं तुम्ही एका दमात सांगितलंत. मी कौतुक केलं, फोन ठेवला आणि ओटा पुसायला घेतला.

इथल्याच महाल भागात राहणारी माझी नणंद तेव्हा घरी आली होती.

"काहून वं वहिनी, पुसलेला ओटा कितीदा पुसून राहिली? त्या बाईच्या कर्दळीवर जळून राहिली का?"

"कर्दळीवर कोण जळतं? आपल्याकडे नालीच्या काठी उगवते ती."

"मंग लेकरांसाठी जळून राहिली असशील."

मी तिला चहा दिला.

पुढच्या फोनवर मी तुम्हाला म्हटलं, त्या पानांच्या वड्या होतात.

"आजी, ते झाड आहे! ते खायचं नसतं!" तुम्ही दोघंही किंचाळलात.

"मग तुमचे बाबा काय खाऊन एवढे वाढले?"

त्या दिवशी तुम्ही कितीतरी वेळ फोन सोडला नाहीत. बेसन कसं फासायचं, पानावर पान ठेवून वळकटी कशी करायची, सगळं विचारलंत. मी मनाशी म्हटलं, बाग तिची तर तिची, वड्या माझ्या. तिकडे येईन तेव्हा माझ्या हाताने करून घालीन.

आठवड्याच्या आतच तिचा फोन आला. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं आणि ती फार गोड बोलते, तेही मला सोसत नाही.

"मुलांनी माझं डोकं खाल्लं आहे. शनिवारी आम्ही तिघं मिळून तुमच्या वड्या करणार. जरा नीट सांगता का? मी पेन घेऊन बसले आहे."

म्हणजे वड्याही गेल्या.

मी सांगू लागले. कोवळी पानं घ्या, शिरा तासा, बेसनात तीळ, हळद, तिखट, गूळ. मग चिंचेशी येऊन थांबले. चिंच नसली तर घसा असा खाजतो, की माणूस पुन्हा त्या ताटाकडे बघत नाही. मी गप्प राहिले असते तर तिला काय कळणार होतं? शनिवारी वड्या फसल्या असत्या आणि मी येईपर्यंत माझ्याच राहिल्या असत्या.

"ऐकताय ना?" तिने विचारलं. तिच्या मागून तुमच्यातल्या धाकटीचा आवाज आला, "पहिली मी खाणार!"

"चिंच," मी म्हटलं. "भरपूर घाला. आणि वाफ पुरती येऊ द्या, पान कच्चं राहता कामा नये."

शनिवारी तुमचा फोटो आला. वड्या मोडलेल्या, एका बाजूने करपलेल्या, आणि तिघांच्याही कोपरापर्यंत बेसन. खाली लिहिलं होतंत, 'ग्रॅनीच्या वड्या'. मी 'छान' एवढंच कळवलं.

वाफवलेले वळकट्यांचे उंडे अगदी गार झाल्यावरच कापायचे असतात, म्हणजे वड्या मोडत नाहीत. एवढं मात्र मी तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे. तिच्याजवळ बोलू नका.