मशालवाल्याची उलटी धाव

कागदाच्या त्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला सगळे पाठीमागे तोफ म्हणत आणि तोंडावर दादा. चोवीस वर्षं त्याने रिळं उचलली आणि चोवीस वर्षं माणसं सोलली. त्याच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, आणि जो लागे त्याची तो पार सालटी काढी.

गोदामात दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत एक बैठक बसे. वायरमनने घरचा जुना टीव्ही आणि गेमचं खोकं आणून जेवणाच्या खोलीत जोडून ठेवलं होतं. डबे धुऊन झाले की ज्याने त्याने सांगायचं, सध्या काय खेळतोय आणि कसं वाटतंय. नवं असो, जुनं असो. बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, आणि त्याचं संपलं की प्रत्येकाने एकच प्रश्न विचारायचा. नियम वायरमनचा, पण राज्य तोफेचं. कुणी नव्या लढाईच्या गेमचं कौतुक करायला लागला की तोफेचा चेहरा आंबट व्हायचा.

"नव्यांना गेम बनवायची अक्कलच नाही," तो म्हणे. "चारी बाजूंनी माणसं सोडतात अंगावर. गडी कुठून येतो कळत नाही. अचानक मध्ये येतो आणि खेळ खलास! ह्याला काय खेळ म्हणायचं? त्यापेक्षा आमचा मशालवाला बघा."

मशालवाला हा तीस वर्षांपूर्वीचा गेम. हातात मशाल घेतलेला एक ठेंगू गडी डावीकडून उजवीकडे पळत सुटतो. खड्डे, डुकरं, घरंगळणारे दगड, जे काय यायचं ते समोरून, म्हणजे उजवीकडून येतं. तोफ तो डोळे मिटून खेळावा तसा खेळे. एकही जीव न गमावता शेवटच्या दारापर्यंत! बघणारे तोंडात बोटं घालत.

खरी गोष्ट एकट्या तोफेला माहीत होती. पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याचं डोकं फुटेस्तोवर दुखलं, आणि दुखायचं थांबलं तेव्हा जगाची डावी बाजू गेलेली होती. त्याने एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं. दोन्हीत तेच. घरात त्याचा डावा खांदा चौकटीवर आपटे, डावीकडे ठेवलेला पाण्याचा पेला सांडे, आणि तो बायकोवरच खेकसे, "वस्तू जागेवर ठेवायला काय होतं गं तुला?" बायको बिचारी पेला उचलून उजवीकडे ठेवी. डॉक्टरकडे तो गेला नाही. डॉक्टर कागदावर लिहिणार, कागद साहेबांकडे जाणार आणि फोर्कलिफ्टची किल्ली काढून घेणार. किल्ली गेली की मग राहिलं काय? झाडू! फोर्कलिफ्टवर तो मान पिळून पिळून डावीकडे बघे आणि कुणी विचारलं तर मानेला लचक भरली म्हणे.

तरी तीन महिन्यांपूर्वी व्हायचं ते झालं. डावीकडच्या गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला एक हमाल चाकाखाली आला. तोफेला तो दिसला नाही, आधी त्याची किंकाळी ऐकू आली. चौकशीत हमाल रडत सांगत होता, "मी तिथेच उभा होतो हो, हातसुद्धा केला." तोफेने सांगितलं, "अचानक मध्ये आला." चोवीस वर्षांच्या कायम माणसाचा शब्द आणि कंत्राटी हमालाचा शब्द. साहेबांनी सही ठोकली. हमालाचं पाऊल गेलं आणि निष्काळजीपणा केला म्हणून कामही गेलं.

त्या हमालाची बायको ह्याच गोदामात गेटपास लिहायला बसे. तीही शनिवारच्या बैठकीला येई. तिचा गेम फोनवरचा, भाजीच्या बागेचा. वाफे करायचे, पाणी घालायचं, उगवलं की काढायचं.

"सध्या आम्ही दोघं मिळून खेळतो," ती एकदा सांगायला लागली. "तो दिवसभर पडूनच असतो ना. काल त्याने बेचाळीस कोबी लावले. मला बरं वाटतं, त्याचं मन रमतं."

तिचं संपलं. तोफेने आपला एक प्रश्न विचारला. "बेचाळीस कोबी! मग काय बाई, विकायला कधी बसणार? नवरा पायाने अधू, तेव्हा टोपली तूच उचलणार म्हण!"

हसू नये असं दोघातिघांना वाटलं असेल. पण हसले सगळे. त्या दिवसापासून तिचं नाव कोबी पडलं. ज्याने तिच्या नवऱ्याला चिरडलं त्यानेच हे नाव ठेवावं! लाज नावाची वस्तू काही लोकांच्या वाट्याला येतच नाही. पण खरं सांगायचं तर तोफेला तिची भीती वाटे. ती समोर बसली की त्याची जीभ जास्तच सुटे.

बाई मात्र ऐकत होती. शनिवारमागून शनिवार गेले. ह्या गेममध्ये गडी अचानक मध्ये आला, त्या गेममध्ये गाडी अचानक मध्ये आली. चौकशीतले शब्द तिला पाठ होते. मग वायरमन तेच गेम खेळायला बसला की ती त्याच्या मागे उभी राहून बघे. गडी अचानक येतच नव्हता. चांगला दोन-तीन क्षण आधी दिसे. आणि दर वेळी डावीकडून.

पुढच्या शनिवारी तिने मुद्दाम साहेबांनाही बोलावलं. "या की साहेब, आज दादा कमाल दाखवणार आहेत." तोफेचं बोलून झालं तेव्हा तिने आपला एक प्रश्न विचारला.

"दादा, मशालवाला आता नव्याने आलाय, त्यात सगळं आरशातल्यासारखं उलटं करता येतं. वायरमनभाऊंनी घातलाय खोक्यात. तुम्हाला जमेल?"

"न जमायला काय झालं?" तोफ म्हणाला. नाही म्हणायची सोय नव्हती. इतके दिवस ज्यांची चामडी लोळवली ते सगळे खुर्च्या ओढून बसले होते.

मशालवाला उजवीकडून डावीकडे पळत सुटला आणि पहिल्याच डुकरावर आपटून मेला. पुन्हा सुरू, पुन्हा तेच डुक्कर. "अहो दादा, केवढं ढळढळीत डुक्कर आहे!" वायरमन ओरडला. खोलीत हशा पिकला. तिसऱ्यांदा तोफेने शहाणपणा केला. फोर्कलिफ्टवर वळवी तशी मान वळवली, इतकी की नाक पार खिडकीकडे गेलं. आता त्याला डुक्कर दिसलं, पण त्या नादात बटण चुकलं आणि गडी खड्ड्यात गेला.

"टीव्ही इकडे आहे, दादा!" कुणीतरी हसून हसून डोळे पुसत म्हणालं. दुसऱ्याने नाक खिडकीकडे करून नक्कल केली. तोफ दहा वेळा खेळला, दहा वेळा मेला, आणि खोली दहा वेळा हसली. हसायचे थांबले ते फक्त साहेब.

मग साहेबांच्या केबिनमध्ये साहेब, तोफ आणि बाई असे तिघंच होते. साहेबांनी किल्ली मागून घेतली आणि विचारलं, "कधीपासून दिसत नाही?"

तोफेने तोंड उघडलं. बाई टेबलाची कड धरून उभी होती. ह्या एका उत्तरासाठी तिने सगळं केलं होतं. पाच महिने, एवढे दोनच शब्द.

पण उत्तर साहेबांनीच पुढे केलं. "महिना झाला असेल ना? म्हणजे त्या अपघातानंतरच. नाही का, दादा?" चौकशीवर सही त्यांची होती.

तोफेला सगळं स्वच्छ कळलं. खरं बोललं तर नोकरी जाईल आणि वर पोलीस. त्याने मान हलवली. "महिनाच झाला."

"मग प्रश्न मिटला. जुना माणूस आहे, बसून करायचं काम द्यायला हवं." साहेबांनी बाईकडे न बघता सांगितलं, "सोमवारपासून गेटपास दादा लिहितील. बाई, तुम्ही पॅकिंगला उभ्या राहा."

ती रडली नाही, भांडली नाही. तोफेच्या समोर, त्याला दिसेल अशी येऊन उभी राहिली.

"दादा, तो रोज रात्री विचारतो मला. मी खरंच मध्ये आलो होतो का गं? आता तर त्यालाही तसंच वाटायला लागलंय. घरी जाऊन काय सांगू त्याला?"

तोफेने साहेबांकडे पाहिलं. साहेब कागद चाळत होते.

"आला होता म्हणून सांग," तो म्हणाला. "आणि टेबलाचा खण तेवढा आजच रिकामा करून दे."