पडद्यापलीकडची आई

स्पिरिटचा वास आला, की मला जामखेडकडचं आमचं दोन खोल्यांचं घर आठवतं. आई सरकारी नर्स होती. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत आम्ही दोघी आणि मधे एक जाड हिरवा पडदा. दुष्काळाचं वर्ष होतं. दुष्काळी कामावर खडी फोडून हात सोललेल्या बाया दिवसभर ओट्यावर बसलेल्या असत. दवाखाना चालू असताना मी पुढे यायचं नाही, असं आईने बजावलेलं होतं. एका दुपारी अंगात कणकण वाटली, तशी मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि त्या बायांच्या रांगेत जाऊन बसले. माझा नंबर आल्यावर आईने मान वर न करताच विचारलं, "काय होतंय?" "ताप आलाय," मी म्हणाले. तिने दचकून वर पाहिलं, माझ्या कपाळाला हात लावला आणि रांगेकडे बघत घुटमळली. माझ्यामागची म्हातारी म्हणाली, "घ्या लेकीला जवळ, बाई. आमी बसतो की." आईने मला मांडीवर घेतलं. संध्याकाळी ताप उतरला, याचं मला वाईटच वाटलं. आता आई नाही. पण अजूनही अंग तापलं, की मी गोळी घ्यायला जरा उशीरच करते.