न चिडल्याचं लक्षण

माझ्या आजाराचं नाव उच्चारता उच्चारता आमच्या पवनीतले लोक दमतात. मल्टिपल स्क्लेरोसिस! "लकवा म्हना ना सरळ," शेजारीण म्हणाली. म्हटलं, म्हणा बाई. शरीराची फौज शत्रू सोडून आपल्याच नसा कुरतडते, असा तो प्रकार. नागपूरला दर महिन्याला सलाईनमधून औषध घ्यायला लागले आणि काठी सुटली. मी शिकवते त्या शाळेचा जिना पुन्हा एकटी चढू लागले.

मग रक्ताच्या तपासणीत एक विषाणू निघाला. तो पुष्कळांच्या अंगात गुपचूप पडून असतो म्हणे. पण या औषधानं मेंदूवरचा पहारा ढिला पडतो आणि क्वचित एखाद्याचा विषाणू तिथे पोचून मेंदूच पोखरतो. डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बोलण्यात, चालण्यात, स्वभावात फरक दिसला की लगेच या. त्यांना स्वतःला कळेलच असं नाही."

मला भीतीपेक्षा नवलच वाटलं. हा मेला शिरला कधी? लहानपणी, आसगावच्या तळ्यात डुंबताना? आणि इतकी वर्षं आत बसून करत काय होता?

त्याच तंद्रीत असताना ह्यांनी साफ न केलेली मासोळी आणून ओट्यावर टाकली. एरवी मी तिसऱ्या घरी ऐकू जाईल अशी कडाडले असते. त्या दिवशी मुकाट्यानं विळी घेऊन बसले. ह्यांचा चेहरा पांढराफटक.

"तू मले बोलली काहून नाही?"

"कायले बोलू जी?"

झालं! सकाळच्या पहिल्या बसनं नागपूर. मी वाटभर फणफणत होते, पण ऐकतो कोण? एमआरआय झाला. मेंदूत काही निघालं नाही. मला हसू आवरेना. "डॉक्टर, बायको भांडली नाही म्हणून ह्यांनी आणलं मला!"

डॉक्टर हसले नाहीत. "बरोबर केलं त्यांनी. हे औषध लांबेल तसा धोका वाढतो. बदलायचं का, तुम्ही ठरवा. दुसरं पायांना इतकं मानवेलच असं नाही."

मला काठी नको होती. म्हटलं, आणखी थोडे दिवस हेच चालू द्या.

डॉक्टरांपुढे कधी तोंड न उघडणारे हे एकदम म्हणाले, "तू लंगडली त मी धरन. डोक्स्यातून तूच गेली त मी कोनाले धरू?"

मग डॉक्टरांना म्हटलं, "बदला."