थांबण्याचं मीटर

खिडकीखाली रिक्षा थांबली. ‘पाच मिनिटांत आलेच,’ म्हणत एक बाई औषधांच्या दुकानात शिरल्या. रिक्षावाल्याने मीटर चालूच ठेवलं आणि पाय पसरले. एकाने ‘येणार का?’ विचारलं, तर नुसती मान हलवून नकार दिला.

मी घरून भाषांतरं करते, तासाच्या बोलीवर. माझंही मीटर आहे, लॅपटॉपच्या कोपऱ्यात. पण ते बोटं चालली तरच चालतं. सकाळी एका क्लायंटचा मेसेज आला, ‘छोटंसं काम आहे, अर्ध्या तासाचं. पाठवतोच. ऑनलाइन राहा.’ तेव्हापासून दुसरं काम उघडलं नाही, भाजी फोडणीला टाकली नाही, अंघोळीलाही फोन घेऊन गेले. असा अख्खा दिवस जातो आणि हिशेबात अर्धाच तास धरला जातो.

बाई परतल्या आणि मीटर बघून कुरकुरल्या, ‘थांबण्याचेही पैसे?’

तो शांतपणे म्हणाला, ‘ताई, तुमच्यासाठी दुसरं भाडं सोडलं मी.’

मी ताडकन क्लायंटला लिहिलं, ‘यापुढे थांबण्याचा वेळही धरेन.’ आणि विचार बदलायच्या आत पाठवून टाकलं.

रिक्षा केव्हाच गेली. मी अजून क्लायंटच्या उत्तरासाठी थांबले आहे. कोपऱ्यातलं मीटर शून्यावरच आहे.