मागच्या काचेचा कौल

गाडीच्या बाजूच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म कोणीही लावू शकतो. साबणाचं पाणी मारायचं, फिल्म ठेवायची, रबरी पट्टीने पाणी काढायचं, झालं काम. कारागीर कळतो तो मागच्या काचेवर. ती काच चहूबाजूंनी वाकलेली आणि फिल्म सपाट. नारळाला कागद गुंडाळून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. त्या सगळ्या चुण्या हीट गनच्या झळीने आटवायच्या, तेही काचेच्या बाहेरून, आणि आकार आला की तीच फिल्म अलगद उचलून आतून बसवायची. झळ जास्त झाली तर फिल्म जळते, कमी झाली तर चुणी राहते. मध्येच लाइट गेली तर कपाळाला हात लावून बसायचं. बाकीचे लोक तीन पट्ट्या कापून सांधे मारत. मी अखंड लावायचो. गोव्यात चार वर्षं राबून ते शिकलो होतो आणि त्याच जोरावर जामसंड्यात दुकान टाकलं होतं. ही फुशारकी वाटली तर वाटू दे.

दुकानाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा एक मच्छीमार ट्रॉलरवाले काका नवीकोरी पांढरी गाडी घेऊन आले. सोबत त्यांची म्हातारी आई. गाडीत ती मागे बसायची आणि तिच्या मानेवर ऊन यायचं, म्हणून फिल्म लावायची होती. म्हातारी दुकानातल्या बाकड्यावर टेकली आणि मी मागचं दार उघडलं. बघतो तर काचेच्या आतल्या बाजूला, बरोबर मधोमध, तेलात कालवलेल्या शेंदराचं वीतभर स्वस्तिक.

"काका, ह्या पुसूक व्हया," मी त्यांना बाहेर रस्त्याकडेला नेऊन म्हटलं.

"पुसूक जमाचा नाय. माझ्या आवशीन काढल्यान ता. भायर काढला तर पावसात धुपतला, म्हणान आतसून काढला."

"तेलावर फिल्म बसाची नाय. फुगो येतलो."

"तू वरसून लाव रे. देवाच्या कामात फुगो येणा नाय."

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज चढला. तू कालचा पोर, माका शिकवतंस काय, वगैरे. मी तेव्हाच हीट गन खाली ठेवायला हवी होती. पण नवं दुकान, मोठं गिऱ्हाईक, आणि त्या किनाऱ्यावर त्यांचा शब्द म्हणजे दहा गाड्या. मी कामाला लागलो. तीन तास त्या गाडीत चपला काढून, पाठ वाकडी करून काम केलं. स्वस्तिकाच्या चारही बाजूंनी काच आरशासारखी स्वच्छ केली आणि वरून फिल्म चढवली. तेवढा भाग सोडला तर त्या काचेवर कोणी बोट ठेवू शकलं नसतं.

आठ दिवसांनी गाडी परत आली. स्वस्तिकाभोवती टोपाच्या झाकणाएवढा फुगा. काका दुकानात आलेच नाहीत, रस्त्यावरून ओरडले. काम कच्चं, माल हलका, हे सगळं मी समजू शकलो असतो. त्यापुढचं मात्र मी आजही विसरलेलो नाही.

"तुका सुतक आसा काय रे? नायतर घरात कायतरी विटाळ आसात. नायतर देवाच्या निशाणीरच बरो कसो फुगो इलो?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तेल म्हणतोय आणि हा माणूस माझ्या घरातला विटाळ शोधतोय. मी त्यांना हात धरून काचेपाशी नेलं, फुगा दाबून दाखवला, आत तेल सरकतंय ते दाखवलं. ते बघायलाच तयार नव्हते. चार दिवसांत ही गोष्ट बाजारभर झाली. ठरलेल्या दोन गाड्या आल्या नाहीत. एकाने तर मला आडून विचारलं की घरचं सगळं ठीक आहे ना. माझी बायको पाणी भरायला गेली तर बाया तिच्याकडे बघत कुजबुजायला लागल्या. फिल्म फुकट बदलून दिली असती, पण ही कीर्ती मी कशी बदलणार होतो?

मग काकांचा निरोप आला, की आमच्या गावच्या देवळात ये, देवाक इचारूया. म्हणजे माझ्या हातावर कौल लावणार. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर हात स्वच्छ, डावी पडली तर दोष. चार वर्षांची शिकवणी आणि तीन तासांची मेहनत यांचा निकाल पाकळी देणार. देवावर माझा राग नाही. आमच्याही घरात कौल घेतल्याशिवाय लग्न ठरत नाही. पण जी गोष्ट डोळ्यांनी दिसते ती देवाला कशाला विचारायची? तरी गेलो. न जावं तर चोराच्या मनात चांदणं म्हणायला लोक मोकळे.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या कारागिराच्या हाताचो काय दोष आसात तर सांग, असं म्हणत त्याने सगळं मांडलं. जमलेले पंधरावीस लोक होय म्हाराजा, होय म्हाराजा करत होते. मी त्यालाही आधी तेलाचं सांगितलं होतं. त्याने ते गाऱ्हाण्यात घेतलं नाही. पाकळी डावी पडली असती तर दुकानाला कुलूप लावून परत गोव्याला जावं लागलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं.

बऱ्याच वेळाने उजवी पाकळी पडली.

काका एकदम मऊ झाले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "देवान सांगल्यान, तुझो दोष नाय. मगे त्या फिल्मवाल्या कंपनीचो आसतलो." लोकांनी माना डोलावल्या. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मी जास्त भडकलो. माझं खरं ठरलं ते मी खरं बोललो म्हणून नाही, फूल पडलं म्हणून. मी सगळ्यांदेखत मोठ्याने म्हटलं, "दोष कोणाचोच नाय. तेलाचो आसा. तेलावर फिल्म चिकाटणाच नाय."

सभामंडपाच्या कडेला काकांची आई बसली होती. ती म्हणाली, "कसल्या तेलावर?"

"तुमी काढलास ना स्वस्तिक, त्या तेलावर, आजये."

ती लेकाकडे वळली. मग म्हणाली, "मगे पुसूचा मा. मी दर सणाक दारार काढतंय आणि दुसऱ्या दिसा पुसून टाकतंय. परत काढूक काय जाता?" आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

गाडी देवळाच्या आवारातच होती. तिने मला फिल्म ओढून काढायला लावली. मी ओढली. तिने मागच्या सीटवर गुडघे टेकून पदराने शेंदूर पुसला, वर ओल्या फडक्याने काच पुसली आणि म्हणाली, "आता लाव." काका खाली मान घालून उभे होते.

त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही, आणि जायचं काही कारणही नाही. पण त्या दिवशी घरी येताना मी वाटेत थांबलो. तेलाची गोष्ट मी काकांना तीनदा सांगितली होती, गुरवाला सांगितली होती, अख्ख्या बाजाराला सांगितली होती. जिने ते काढलं होतं ती पहिल्या दिवशी तीन तास माझ्यापासून चार हातांवर बसली होती. तिला मी एकदाही सांगितलं नव्हतं.