रतन ओव्हाळ आत गेले नाहीत

विश्रांतवाडीचे रतन ओव्हाळ स्वतःच्या घरातसुद्धा दारावर टकटक करून शिरत. "अहो, घर तुमचंच आहे," असं त्यांच्या पत्नी शैलाताई चाळीस वर्षं सांगत आल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी. रतनच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता. वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, ताठ मानेनं पुण्याला आले, तरी मुलाकडून एक धडा घोटवून घेतलाच: विचारल्याशिवाय कुठे पाऊल टाकू नकोस, अपमान टळतो. असले धडे पुस्तकातून वगळता येतात, अंगातून जात नाहीत.

पाद्री घडवणाऱ्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात रतन शिपाई होते. तिथे जुनी ग्रीक शिकवत. एकदा वर्गात पुस्तकं पोचवायला गेले आणि "सर, मागे बसू का?" म्हणून विचारून बसले. सर हो म्हणाले. पुढे अकरा वर्षं तो मागचा बाक त्यांचा झाला. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, पण नापास होऊ घातलेली मुलं गुपचूप त्यांच्याकडेच यायची.

त्यांचा लाडका शब्द 'एक्सेस्ति'. करता येतं, मोकळीक आहे, असा त्याचा अर्थ. संध्याकाळी चहा पिताना शैलाताईंना सांगायचे, "यात परवानगी देणारा साहेब कुठे दिसतच नाही बघ. वाट मोकळी आहे, एवढंच. आणि दुसरा शब्द 'थेमिस'. कुठे लिहिलेलं नसतं, पण रीतीनं जे योग्य, ते. कायद्यात बसणारं सगळंच थेमिसमध्ये बसतं असं नाही."

"ग्रीकांचं राहू द्या," शैलाताई म्हणायच्या. "तुम्ही न विचारता कधी आत याल, ते सांगा."

गेल्या डिसेंबरात शैलाताईंना हृदयविकाराचा झटका आला. अतिदक्षता विभागाच्या दारावर पाटी होती: भेटीची वेळ पाच ते सहा. पुण्यात पाट्यांना हसणारे पुष्कळ. मनापासून पाळणारे बहुधा रतन एकटेच. दुसऱ्या दिवशी ते बारापासून बाहेरच्या बाकावर बसून होते. बाकीच्या पेशंटांची माणसं "दोनच मिनिटं हं" म्हणत बिनदिक्कत आत जाऊन येत होती. रतन तीनदा उठले, दारापर्यंत गेले. विचारायला तिथे कुणीच नव्हतं, म्हणून परत येऊन बसले. आज हे आठवलं तरी वाटतं, दंडाला धरून ढकलायला हवं होतं त्यांना कुणीतरी.

साडेचारला पूर्णिमा सिस्टर बाहेर आल्या. त्यांचा चेहरा बघूनच रतनना काय ते कळलं.

"काका, तुम्ही इथेच होतात?" सिस्टर म्हणाल्या. "मावशी दुपारपासून विचारत होत्या, हे आले का म्हणून. मला वाटलं, तुम्ही घरी गेलात. मी त्यांना तसंच सांगितलं. यायचं ना आत, कुणी अडवलं नसतं."

"पाच वाजायचे होते," रतन म्हणाले.

सिस्टरनी दार उघडून धरलं. रतन आत गेले. शैलाताईंचा हात अजून कोमट होता.